लॉन मोअर (गवत कापायचे यंत्र) पहिल्यांदाच चालवणार आहे. कोणती काळजी घ्यावी?

प्रश्नात आपण लिहिले आहे की न्यू जर्सीत नुकतेच घर घेतले, मागच्या अंगणाला चांगलाच उतार आहे आणि पेट्रोलवर चालणारे, मागून ढकलायचे लॉन मोअर हाती धरण्याची ही पहिलीच वेळ आहे. मी ओहायोत बारा वर्षे घरचे गवत स्वतः कापत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी मुठीजवळच्या दांडीविषयी. मुठीसोबत सतत दाबून धरावी लागणारी ही दांडी सोडली की पाते थांबते. अमेरिकेत 30 जून 1982 नंतर तयार झालेल्या अशा यंत्रांत ते तीन सेकंदांच्या आत थांबलेच पाहिजे, असा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा नियम आहे. हात अवघडतो म्हणून ही दांडी चिकटपट्टीने बांधून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आपण पाय घसरून पडलो तरी पाते फिरत राहावे, अशी व्यवस्था ते स्वतःच करून ठेवतात.

माझ्या मते सर्वांत धोक्याचा क्षण मात्र यंत्र बंद पडल्यानंतरचा असतो. ओले गवत पात्याभोवती आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी गच्च अडकते, इंजिन घुसमटून थांबते आणि आता भीती कसली, असे समजून माणूस खाली हात घालतो. परंतु पाते इंजिनच्या दांड्यालाच जोडलेले असल्यामुळे ते हलवले की आतला पिस्टनही हलतो. त्याने दाबलेली हवा पात्याला उलट झटका देऊ शकते, आणि बंद करणारी केबल बिघडलेली असेल तर इंजिन क्षणभर पेटूही शकते. म्हणून आधी इंजिन पेटवणारी ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला वळवून ठेवावी आणि मगच काठीने गवत काढावे. यंत्र कलते करायचे झाल्यास एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाहीतर तेल त्यात उतरते.

कापण्यापूर्वी सगळे अंगण एकदा पायी फिरून खडे, तारा, फांद्या वेचाव्यात. पहिल्याच वर्षी मी हे टाळले आणि सुपारीएवढा खडा उडून आमच्याच तळघराच्या खिडकीची काच गेली. तिथे मूल उभे असते तर, हा विचार आजही नकोसा वाटतो. मुलांना घरातच ठेवावे. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, लांब पँट आणि पकड असलेले बंद बूट हवेत. अंगणात चपलेवर वावरण्याची आपली सवय इथे चालणार नाही. पेट्रोल (इथल्या भाषेत गॅस) इंजिन गार झाल्यावर आणि उघड्यावरच भरावे.

आता आपल्या उताराविषयी. मागून ढकलायचे यंत्र उताराला आडवे चालवावे. वर चढवताना पाय घसरला तर यंत्र अंगावर येते, खाली उतरवताना घसरला तर पाय यंत्राखाली जातो. बसून चालवायच्या मोअरचा नियम नेमका उलटा, म्हणजे वर-खाली जाण्याचा आहे, त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून अनुकरण करू नये. यंत्र स्वतःकडे ओढत मागे चालणे शक्यतो टाळावे, आणि सकाळचे दव वाळेपर्यंत उताराला हात लावू नये. एवढे करूनही जिथे पाय ठाम राहत नाही, तेवढा पट्टा मी स्ट्रिंग ट्रिमरने (फिरत्या दोरीने गवत कापणाऱ्या हातातल्या यंत्राने) कापतो.