ख्रिस्ताच्या दुःखसहनातून लीनता कशी शिकायची?

भाऊ, लीनता म्हणजे स्वतःला कमी लेखणं नाहीच. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा 2रा अध्याय वाचा, देवाच्या स्वरूपाचा असून येशू दास झाला आणि वधस्तंभावरचं मरण त्याने सोसलं, रोमी लोक गुलाम नि बंडखोरांना द्यायचे तसलं लाजिरवाणं मरण, अन् लूकच्या शुभवर्तमानात आहे तसं, मारणाऱ्यांसाठी क्षमाच मागितली.

आमच्या नवापूरकडे चर्चमध्ये पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, एकमेकांचे पाय धुतले, तेव्हा शेताच्या बांधावरून ज्याच्याशी 3 वर्षं बोललो नव्हतो त्याचेच पाय माझ्यापुढे, टाचेच्या भेगांत काळी माती बसलेली, ती अंगठ्याने काढता काढता माझा गळा दाटून आला. घरी बायको म्हणे भांडण मिटलं का, म्हटलं बांध तिथंच आहे पण उद्या मीच जातो त्याच्याकडे.