वाचकांचे प्रश्न : बॉनेटखालचं हे काय आहे?

प्रश्न : नुकतीच एक जुनी डिझेल फोर बाय फोर घेतली, टर्बो आहे, मेकॅनिकल पंपवाली, मॅन्युअल वगैरे काही मिळालं नाही. बॉनेट उघडलं की निम्म्या गोष्टी ओळखूच येत नाहीत. अल्टरनेटरच्या मागे ऑइलचे पाईप कशाला असतात? डिझेल पंपाच्या वर एक गोल टोपीसारखं काहीतरी आहे, त्याला एक रबरी पाईप आलाय. आतल्या मडगार्डला दोन छोटे काळे पार्ट आहेत, त्यांना वायरी आणि बारीक नळ्या, त्यातली एक नळी सुटलेली. आणि फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) खालून वर आलेला एक पाईप आहे ज्याचं तोंड उघडंच आहे. ओळखीतला एकजण म्हणतो ज्याचा उपयोग कळत नाही ते काढून टाक आणि तोंडं बंद कर. करू का?

उत्तर : नका करू, कृपा करून नका करू. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी कामाच्या आहेत आणि त्यातली एक तर थेट ब्रेकची आहे.

अल्टरनेटरच्या मागे जो गोल भाग आहे तो व्हॅक्यूम पंप. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेमुळे, मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळकांड्यात) आपोआप व्हॅक्यूम तयार होतो, जुन्या डिझेलला तसा थ्रॉटल नसतो, मग ब्रेक बूस्टरला (ब्रेक पेडल हलकं करणारा डबा) व्हॅक्यूम आणायचा कुठून, म्हणून हा वेगळा पंप, आणि बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. त्याला ऑइल लागतं, म्हणून एक पाईप ऑइल आणणारा, एक जाड पाईप ते परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीकडे, सोडणारा, आणि तिसरा जो बूस्टरकडे जातो तो व्हॅक्यूमचा. हा तिसरा बंद केला की ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं आणि वजनदार गाडी थांबवायला जीव काढावा लागतो. तेव्हा हे पाईप काढायचे नाहीत, पण नीट बघायचे मात्र जरूर, रबर फुगलंय का, चिरलंय का, ऑइल गळतंय का. ऑइलचा पाईप फुटला तर इंजिनचंच ऑइल बाहेर जातं, तिथे चालढकल नको.

मडगार्डवरचे दोन काळे पार्ट बहुतेक व्हॅक्यूम सोलेनॉइड असणार. वायरीतून करंट आला की ते व्हॅक्यूमचा रस्ता उघडतात किंवा बंद करतात, बस एवढंच काम. पण ते कशाचे आहेत हे नळी सांगते. नळी खाली पुढच्या डिफरेन्शियलकडे (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) गेली असेल तर फोर व्हील लावायचे, ईजीआर व्हॉल्व्हकडे (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) गेली असेल तर धुराचे, डिझेल पंपाच्या लिव्हरजवळच्या छोट्या डायफ्रामकडे (पातळ पडदा) गेली असेल तर एसी लावल्यावर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वाढवायचे. सारखे दिसणारे दोन पार्ट दोन वेगळ्या कामांचे असू शकतात, म्हणून मी कायम सांगतो की इंजिन बंद आणि थंड असताना नळी बोटाने धरून दोन्ही टोकांपर्यंत जा आणि मगच नाव द्या. तुमची सुटलेली नळी फोर व्हीलची निघाली तर गिअर लिव्हर फोरमध्ये पडेल पण पुढची चाकं ओढणार नाहीत, काही गाड्यांत डॅशवरचा लाईट नुसता लुकलुकत राहतो, आणि लोक गिअरबॉक्स उघडायला निघतात. आधी नळी बघा.

उघड्या तोंडाचा पाईप डिफरेन्शियलचा किंवा ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारा पाईप, असावा, खाली माग काढला की कळेलच. तो उघडाच असायला हवा. गरम झालेलं डिफरेन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ती भरून काढायला बाहेरून काहीतरी आत ओढते, तोंड खाली असेल तर पाणीच ओढलं जातं, म्हणून पाईप एवढ्या वर आणलेला. तोंड बंद केलंत तर आतलं प्रेशर ऑइल सीलमधून वाट काढेल.

पंपावरची टोपी म्हणजे बूस्ट कॉम्पेन्सेटर. टर्बोचं प्रेशर त्या पाईपमधून आतल्या डायफ्रामवर येतं, डायफ्राम दाबला गेला की पंप जास्त डिझेल सोडतो. पाईप चिरला की गाडी चढाला मरगळते. तिथले स्क्रू फिरवू नका, ते सेटिंगचे असतात.

प्रश्न : सिलेंडर हेडवर चार छोटे पार्ट एका धातूच्या पट्टीने जोडलेत, त्यावर जाड वायर. ते ग्लो प्लगच ना? बॅटरीवरून थेट करंट देऊन चेक केले तर चालेल?

उत्तर : हो, ग्लो प्लगच, थंड इंजिन चालू करायला सिलेंडर आतून गरम करणारे. पण थेट करंट देऊ नका, कारण काही जुन्या गाड्यांत प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी रेटिंगचे असतात आणि रिलेमार्फत चालतात, ते पूर्ण बॅटरीवर लगेच जळतात. शिवाय दोन बॅटऱ्या असतील तर आधी मल्टीमीटर लावा, काही गाड्यांत त्या जोडून १२ व्होल्टच राहतात, काहींत २४ होतात. प्लग तपासायला बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगच्या टोकापासून इंजिन बॉडीपर्यंत ओहम मोजा. साधारण १ ओहमच्या आसपास आलं तर ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग गेला.

प्रश्न : डिझेल फिल्टरच्या वर दाबायचं बटण आणि खाली दोन वायरी, हे काय?

उत्तर : वरचा हँड प्रायमर, फिल्टर बदलल्यावर हवा काढायला, कडक लागेपर्यंत दाबायचा. खालच्या वायरी पाण्याच्या सेन्सरच्या. तिथेच ड्रेनचा स्क्रू असतो, तो थोडा सैल करून खाली भांडं धरा आणि प्रायमर मारत स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडा. इंजेक्टरच्या लोखंडी पाईपचं लीकेज मात्र चालू इंजिनावर हाताने चाचपू नका, तिथे १०० बारच्या वर प्रेशर असतं आणि ती धार कातडीतून आत जाते. तसं झालंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लीकेज शोधायला पुठ्ठा धरा, ओला डाग उठला की जागा कळते.