काय गं हा अवतार!

सांगलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या लेकीनं 'महावतार नरसिंह' हा २०२५ साली आलेला ॲनिमेशनपट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ती चिखलात माखून, केस पिंजारून घरी आली. आजी म्हणाली, "काय गं हा अवतार!" पोरीनं विचारलं, "म्हणजे मी देव झाले?" देवाचा शब्द गबाळेपणाला कसा लागला, आणि असं म्हणणं बरं का, असा ताईंचा प्रश्न.

ताई, खुशाल म्हणा.

'अवतार' म्हणजे मुळात खाली उतरणं. 'अव' म्हणजे खाली, 'तॄ' म्हणजे तरून जाणं. 'तीर्थ'ही याच धातूचं. पाणिनीच्या एका सूत्रानं (३.३.१२०) 'अवतार' म्हणजे विहिरीत वगैरे उतरायची वाट, असाही अर्थ होतो. तो वाचला की मला तुमच्या जिल्ह्यातलं कोळे नरसिंहपूर आठवतं. तिथला षोडशभुज नरसिंह भुयारात आहे. दर्शनाला आपणच पायऱ्या उतरून जायचं.

मग रूपाचा अर्थ कुठून आला? देव उतरतो तो मासा, कासव, वराह असं काही रूप घेऊन. उतरणं कुणाला दिसत नाही, दिसतं ते रूप. म्हणून शब्द रूपाला चिकटला. त्यात नरसिंहाचं रूप सगळ्यांत अनोळखी. हिरण्यकशिपूला ना माणसाकडून मरण, ना पशूकडून. म्हणून खांबातून जे निघालं ते दोन्ही नव्हतं. असं काही कुणी आधी पाहिलेलंच नव्हतं. आजीही दारात तशीच चकित झाली. 'हे कुठलं रूप घेऊन आलीस', एवढंच तिला म्हणायचं होतं. यात मला देवाचा अनादर कुठेच दिसत नाही.

उलट मराठीनं क्रियापदात फरक जपला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. देव अवतार 'घेतो' किंवा 'धारण करतो'. संतापलेल्या माणसालाही आपण रुद्रावतार 'धारण' करायला लावतो, कारण तिथं तुलना देवाशीच असते. पण चिखलात लोळलेल्या पोरीला म्हणतो, 'काय अवतार करून घेतलायस!' 'अवतार घेतलास' असं तिला कुणी म्हणणार नाही.

लेकीला हेच सांगा: देवानं अवतार घेतला, तू करून घेतलास. आता हातपाय धुऊन ये.