नणंद येणार, मग मी माहेरी कधी जाऊ?

"मॅडम, भाऊबीजेला माझी नणंद येते, म्हणून मला घरी थांबावं लागतं. ती तिच्या भावाला ओवाळायला येते. मग माझ्या भावाला कुणी ओवाळायचं?"

मी बेळगावात समुपदेशक आहे. दसरा झाला की हा प्रश्न माझ्याकडे यायला लागतो. बाई वेगळी असते, गाव वेगळं असतं. कधी खानापूर, कधी निपाणी, कधी इथलंच शहापूर नाहीतर वडगाव. प्रश्न मात्र तोच. आमच्याकडच्या कन्नड घरांतल्या बायकाही जवळपास हेच गाऱ्हाणं घेऊन येतात, पण त्या येतात श्रावणात. उत्तर कर्नाटकात लेकीला माहेरी आणायचा मोठा सण म्हणजे नागपंचमी. भाऊ न्यायला येतो, झोपाळे बांधले जातात, तऱ्हेतऱ्हेच्या उंड्या, म्हणजे लाडू, वळल्या जातात. त्यामुळे त्यांची दिवाळी त्या मानानं मोकळी जाते. मराठी घरांत सगळा भार कार्तिकातल्या एका द्वितीयेवर. त्या एका दिवशी सगळ्या लेकींनी माहेरी असायचं आणि सगळ्या सुनांनी सासरी. दोन्ही एकच बायका आहेत, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

अशाच एका जोडप्याची ही गोष्ट. त्यांना संतोष आणि रेणुका म्हणूया. नावं, नोकऱ्या, गल्ली सगळं बदललंय आणि हे लिहायला दोघांचा होकार आहे. संतोष बेळगावात एका सरकारी कार्यालयात. रेणुका इथल्याच मराठी शाळेत शिक्षिका, माहेर महाराष्ट्रातलं गडहिंग्लज. मुलगा चौथीत. घरी सासूबाई. संतोषची बहीण गोकाकला दिलेली.

भांडण पेटलं ते 2023 च्या भाऊबीजेला. त्या वर्षी बीज बुधवारी होती, म्हणजे आमच्याकडे कामाचा दिवस. हे सीमेपलीकडच्या नातेवाइकांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. कर्नाटकाच्या सुट्ट्यांच्या यादीत नरकचतुर्दशी आहे, बलिप्रतिपदा आहे. लक्ष्मीपूजनाची अमावास्या नाही आणि भाऊबीजही नाही. शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, आणि दिवाळीत ही अशी तुकड्यातुकड्यांची. गडहिंग्लजला नेमकं उलटं. दसऱ्याच्या सुट्टीत रेणुकानं मुलाला मामाकडे पाठवावं, तर मामाची मुलं सहामाही परीक्षेच्या अभ्यासात. दिवाळीत ती मोकळी होतात, तेव्हा याची शाळा सुरू. तिचा भाऊ स्वतः शिक्षक, तरी फोनवर म्हणतो, "दिवाळीत कसली गं शाळा? यायचं नाही म्हणून सांग की सरळ."

त्या बुधवारी तिनं रजा टाकली, पिशवी भरली, मुलाला घेऊन सीबीटी बसस्थानकावर जाऊन उभी राहिली. संकेश्वरवरून दीड-दोन तासांचा रस्ता. बस लागायच्या आधी संतोषचा फोन आला: ताई आलीय, बरोबर तिची जाऊ आणि चार मुलं, आईला एकटीला जमणार नाही, तू उद्या जाशील काय? ती परत आली. पुरणपोळ्या केल्या. आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

(2023 च्या जूनमध्ये शक्ती योजना आली आणि कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. तेव्हापासून नणंदांच्या फेऱ्या वाढल्या, असं माझ्याकडे येणाऱ्या भावजया अर्ध्या थट्टेनं सांगतात. त्याच भावजया त्याच बसनं स्वतःच्या माहेरी जातात, ते सांगायचं विसरतात.)

माझ्याकडे आले तोपर्यंत संतोषनं स्वतःच एक तोडगा काढला होता. एक वर्ष तू जा, एक वर्ष ताई येऊ दे. "मी कधी नको म्हटलोय मॅडम? जा की म्हणूनच सांगितलोय. हिलाच ते पटत नाही." खरंतर बऱ्याच जोडप्यांना हाच तोडगा आधी सुचतो, आणि दिसतोही तो न्यायाचा. माझ्या अनुभवात तो क्वचितच टिकतो. आपल्या पाळीच्या वर्षी सासरे आजारी पडतात, भावाची बदली होते, कुणाचं तरी सुतक येतं. मग हुकलेलं वर्ष उधारीवर जातं. दोन-तीन वर्षांत दोघांकडे आपापली वही तयार होते आणि दोन वह्यांतले आकडे जुळत नाहीत.

मी दोघांशी आधी वेगवेगळं बोलले. दोघांना एकच विचारलं: दिवाळीतलं असं काय आहे, की ते झालं नाही तर दिवाळी झाली असं वाटतच नाही?

संतोषला विचार करावा लागला नाही. चतुर्दशीची पहाट. आईनं तेल लावायचं, अंगणात पायाखाली कारीट फोडायचं, उजाडायच्या आत बाहेर पडून मित्रांना गाठायचं. भाऊबीजेचं नाव त्यानं घेतलंच नाही. मी आठवण करून दिली, तेव्हा म्हणाला, "ते आहेच की. ताई येते, ओवाळते. पण ते तिच्यासाठी."

रेणुका भावाला ओवाळण्याबद्दल बोलेल अशी माझी अटकळ होती. ती बोलली जेवणाबद्दल. "वहिनी मला ताट वाढून देते. मी पाटावर बसते. कुणीतरी म्हणतं, अजून एक करंजी घे, तुझ्यासाठीच ठेवलीय. वर्षातून तेवढंच असतंय मॅडम. बाकी वर्षभर मीच दुसऱ्यांना घे घे म्हणते."

पुढचं सगळं या उत्तरावर उभं राहिलं. संतोष दिवस मोजत होता. तिचा हिशेब पाहुणपणाचा होता.

दोघे एकत्र बसले तेव्हा मी संतोषच्या हातात कागद दिला आणि मागच्या दिवाळीचं लिहायला सांगितलं. वसुबारसेपासून बीजेपर्यंत प्रत्येक वेळी जेवायला कोण बसलं आणि वाढत कोण होतं. रेणुकानं मधे बोलायचं नाही, त्यानं आठवून लिहायचं. पहिल्या दोन ओळी त्यानं भराभर लिहिल्या. मग वेग कमी झाला. 'वाढणारे' या रकान्यात तेच नाव खाली खाली उतरत होतं, अधूनमधून आई. 'बसलेले'मध्ये तो स्वतः सगळीकडे होता. आदल्या वर्षी दोघं गडहिंग्लजला गेले होते, तेही आठवायला सांगितलं. तिथे तर तो जावई! "म्हणजे मी दोन्ही घरी पाहुणाच की," म्हणून हसला, आणि हसणं अर्ध्यावर थांबवून बायकोकडे बघितलं. तिनं बघितलं नाही.

पाडव्याच्या संध्याकाळीही तसंच. बेळगावात पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून, शिंगं रंगवून मिरवतात, पळवतात. संतोष आणि त्याचे शाळेपासूनचे मित्र दरवर्षी ते बघायला जातात आणि तिथून सात-आठ जण न कळवता याच्या घरी फराळाला येतात. संतोषच्या लेखी हे काम नव्हेच. "फराळ तर डब्यात तयारच असतोय." हे वाक्य मी इतक्या पुरुषांकडून ऐकलंय, की पुढचं मला पाठ आहे: आणि चहा काय, पाच मिनिटांत होतो. रेणुकाला मित्रांचा राग नव्हता, हे तिनं दोनदा सांगितलं. तिला राग याचा होता, की लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्या मित्रांच्या बायकांशी तिचं नीट बोलणं झालेलं नाही, कारण त्यांच्याही घरी त्या वेळी कुणीतरी न कळवता आलेलं असतं. तिच्या स्वतःच्या मैत्रिणी, भिशीतल्या, बी.एड.च्या वेळच्या, दिवाळीत तर तिला भेटतच नाहीत.

मित्रांचं कोडं तुलनेनं लवकर सुटलं. पाडव्याला मित्र येणार, पण चहा संतोष करणार आणि कपबशा तोच विसळणार. सहकुटुंब भेटायचं 31 डिसेंबरला. बेळगावात त्या रात्री गल्लोगल्ली, कॅम्प भागात तर हमखास, गवत आणि जुने कपडे भरून केलेला 'ओल्ड मॅन' जाळतात. मुलं आठवडाभर त्याच्या मागे असतात. ना त्या रात्री कुणाचं माहेर आडवं येत, ना सासर. पंचांगाचाही संबंध नाही. गच्चीवर रस्सा पुरुषांनी करायचा असं ठरलं. पहिल्या वर्षी तो खारट झाला म्हणे, पण बायका रात्री एकपर्यंत गप्पा मारत बसल्या होत्या.

बहिणीचा प्रश्न अवघड होता, आणि त्याहून अवघड होतं ते घरात सांगायचं कुणी, हे. संतोषची सूचना: "तूच आईला गोड बोलून सांग, तुझं ऐकते ती." याला मी स्पष्ट नकार दिला. आपापल्या माणसांना आपण सांगायचं. सुनेनं सांगितलं तर ती मागणी ठरते आणि मागणीवर घासाघीस होते. मुलानं सांगितलं तर तो निरोप असतो. तोही कसा द्यायचा, हे आम्ही खोलीत बसून चक्क घोकून घेतलं. "आई, रेणुका जायचं म्हणतेय" असं म्हणायचं नाही. "आई, बीजेला रेणुका गडहिंग्लजला जाणार, आमचं ठरलंय" असं म्हणायचं. आणि सांगायचं नवरात्रात. वसुबारसेला सांगितलं तर ताईची पिशवी भरून झालेली असते, भाजणीही दळून झालेली असते, आणि माणूस रागावतो तो मुख्यतः मोडलेल्या बेतावर.

संतोषनं गोकाकला फोन केला. ताई एवढंच म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून फोन केला आणि बराच वेळ बोलली. तिच्या दोन नणंदा गोकाकला पाडव्यालाच येऊन राहतात. चतुर्दशीपासून ती चुलीपुढे उभी असते. बीजेला बेळगावला येते ती ओवाळायला, हे खरंच. पण निम्मं कारण हे, की त्या दिवशी तिला कुणीतरी आयतं वाढतं. रेणुका गडहिंग्लजला जे शोधत होती, तेच ताई रेणुकाच्या स्वयंपाकघरात येऊन मिळवत होती. संतोषनं हे मला सांगितलं तेव्हा रेणुका शेजारीच होती. "मला वाटायचं, त्या माझ्यावर हुकूम गाजवायला येतात," एवढंच म्हणाली.

यातून वाट सासूबाईंनी काढली. "बीज काय एका दिवसात संपते होय? तुळशीच्या लग्नापर्यंत ओवाळलं तरी चालतंय. आम्ही नाही का केलं?" शास्त्रार्थ मला विचारू नका; घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं म्हटलं, पुरे झालं. ठरलं असं, की रेणुका बीजेला गडहिंग्लजला जाणार आणि ताई बीजेनंतरच्या रविवारी येणार. त्या रविवारी दोघीही बसणार. वाढणार संतोष आणि त्याचे भावोजी. पोळ्या विकत आणल्या तर कुणी नाक मुरडायचं नाही.

2024 मध्ये नशिबानं बीज रविवारीच आली. कुणाच्या रजेचा प्रश्न नव्हता, ताईसाठी पुढचा रविवार धरला, सगळं सुरळीत झालं. खरी कसोटी 2025 ची होती. 23 ऑक्टोबर, गुरुवार. कर्नाटकात कामाचा दिवस. रेणुकानं शाळेत महिनाभर आधी रजा सांगून ठेवली होती. सकाळच्या बसनं गेली, मुलाला नेलं, शुक्रवारचीही रजा जोडली. बुधवारी पाडव्याला मित्र आले, चहा संतोषनं केला. कपबशा मात्र सकाळपर्यंत तशाच होत्या, ही तक्रार माझ्यापर्यंत आलेली आहे.

आणि मधेच एक न ठरवलेली गोष्ट घडली. घरात बीजेला कुणीच येणार नाही म्हटल्यावर सासूबाई आदल्या रात्री मुलाला म्हणाल्या, माझाही भाऊ खानापूरला आहे, त्याला ओवाळून किती वर्षं झाली बघ. त्यांच्याही घरी दर बीजेला नणंद यायची, मग लेक यायला लागली. संतोष अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना घेऊन गेला.

आता हे वाचून कुणी म्हणेल, तुमच्या गोष्टीतल्या सासूबाई समजूतदार निघाल्या, आमच्या तशा नाहीत. मान्य आहे. बऱ्याच नसतात. तिथे मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवते, की एक दिवाळी आईचा राग तुमच्यावर राहील, तो तुमच्यावरच राहू द्या, बायकोकडे वळवू नका. "हिच्यामुळे" हा शब्द तोंडातून गेला की वर्षभराची मेहनत पाण्यात. पुष्कळ घरांत हा राग तुळशीच्या लग्नापर्यंत विरतो. काही घरांत विरत नाही. अशा एका जोडप्याशी माझं अजून बोलणं चालू आहे आणि तिथे सध्या बीजेला रेणुकासारखी माहेरी जाणारी सून आहे, पण ताईचं येणं बंद आहे. ते सुटलेलं नाही.

माहेरी जायचं नाव काढलं की हात उगारला जातो किंवा फोन काढून घेतला जातो, अशी घरंही आहेत. तिथे कागदावर रकाने आखत बसू नका. तो सणाचा प्रश्न नव्हे. महिलांसाठीच्या 181 या हेल्पलाइनवर बोला, किंवा विश्वासातल्या माणसाला सोबत घेऊन समुपदेशकाकडे एकट्याच या.

बाकीच्यांनी कागदाचं काम नवरात्रात उरकावं. लिहायचं नवऱ्यानं.