नवा कॅमेरा आणि भिगवणचे रोहित

प्रश्न : मुलाने निवृत्तीनिमित्त मिररलेस कॅमेरा दिलाय. मेनू उघडला की गरगरायला होतं. ऑटोवर फोटो काढलेत, पण भिगवणच्या जलाशयावरचे उडते रोहित (फ्लेमिंगो) पुसटच येतात. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, खालच्या दोन-तीन गोष्टी सोडल्या तर मेनूला तूर्त हातच लावू नका. वरची तबकडी 'एस'वर आणा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवाल (कॅननवर तिथे 'टीव्ही' असतं) आणि तो वेग १/२००० सेकंद ठेवा. ऑटो बहुधा यापेक्षा कमी वेग निवडतो, म्हणून पंख पुसट येतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर असू द्या, कमाल मर्यादा ६४००. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू देत. ते नंतर बरेच कमी करता येतात, हललेला फोटो मात्र सावरता येत नाही. फोकस 'एएफ-सी'वर, म्हणजे हलत्या पक्ष्यावर तो सतत जुळत राहील; कॅननच्या भाषेत सर्वो. पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर तीही चालू करा.

सराव गच्चीवरून, कावळ्या-पारव्यांवर. फोटो काढायचं बटण अर्धं दाबून धरा, पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत राहा, मगच पूर्ण दाबा. हे बोटांत बसायला हवं, बाकी सगळं सावकाश येतं.

आणि कळकळीची विनंती : नावाड्याला होडी थव्याच्या जवळ न्यायला लावू नका. चरणारे पक्षी फोटोसाठी उठवायचे नसतात.