लॉबिस्टचा खर्च: काय कळतं, काय झाकलेलं राहतं

प्रश्न: वॉशिंग्टनमध्ये एखाद्या लॉबिस्टने, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी कुणाची तरी बाजू मांडणाऱ्याने, काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) सदस्याला हॉटेलात जेवू घातलं, तर त्या बिलाची नोंद कुठे सापडेल?

उत्तर: सापडणार नाही, कारण ते बिल त्याने भरायचंच नाही. लॉबिस्ट जॅक अब्रामॉफचं लाचखोरीचं प्रकरण गाजलं आणि २००७मध्ये नियम कडक झाले. नोंदणीकृत लॉबिस्टकडून, मोजके अपवाद सोडले तर, भेट घेता येत नाही; जेवणही भेटीतच धरतात. समारंभात उभ्या उभ्या तोंडात टाकायचे किरकोळ पदार्थ चालतात. खुर्ची ओढून ताट पुढे आलं, की नियम आडवा येतो.

प्रश्न: मग निवडणूक निधीच्या कार्यक्रमात दोघं एकाच टेबलावर कसे?

उत्तर: मेख इथेच आहे. नियमाप्रमाणे दिलेली निवडणूक देणगी 'भेट' धरली जात नाही. लॉबिस्टने नाश्त्याचे ४० डॉलर भरले तर नियमभंग. त्याच सकाळी उमेदवाराच्या निधीसाठी १,००० डॉलरचा चेक दिला तर बिनबोभाट कायदेशीर! एवढंच, की सहामाहीत एका उमेदवाराला २०० डॉलर किंवा त्याहून अधिक दिले असतील, तर 'एलडी-२०३' या फॉर्मवर ते जाहीर करावं लागतं. भेटींचे नियम वाचलेत आणि जाणूनबुजून मोडलेले नाहीत, हेही त्यातच लिहून द्यायचं. हा फॉर्म चुकवू नका. जाणूनबुजून केलेल्या कसुरीला दोन लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

प्रश्न: लॉबिंगचा जो तिमाही अहवाल भरावा लागतो, त्यावरून कोण कोणाला भेटलं ते कळतं का?

उत्तर: नाही. विषय, विधेयक, लॉबिस्टची नावं आणि जवळच्या दहा हजार डॉलरांत बसवलेला एकूण रकमेचा आकडा मिळतो. संपर्क कोणाशी? 'सिनेट' एवढं लिहिलं की भागलं. शंभरांतल्या कोणत्या सिनेटरचं दार वाजवलं, ते गुलदस्त्यात. माझ्या मते लॉबिंग जाहीर करायला लावणाऱ्या १९९५च्या मूळ कायद्यातली ही सर्वांत मोठी फट.

प्रश्न: माझ्या नोकरीत अधूनमधून सिनेटरच्या कार्यालयाशी बोलावं लागतं. मी लॉबिस्ट ठरते का?

उत्तर: एकाहून अधिक संपर्क झाले आणि तीन महिन्यांतला किमान २० टक्के वेळ या कामात गेला, तर हो. तयारीचा वेळही मोजायचा. टिपणं काढणं, बैठकीची आखणी, सगळं त्यात येतं. नोंदणी तुम्ही नाही, तुमची संस्था करते, तीही तिचा लॉबिंगवरचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच. तास रोजच्या रोज लिहून ठेवा.