‘वाइटापासून सोडव’ : वाईट म्हणजे काय, की कोण?

एका वाचकाने विचारलं आहे : प्रभूच्या प्रार्थनेत लहानपणापासून आम्ही ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ असं म्हणत आलो. आता एका नव्या प्रार्थनापुस्तिकेत ‘त्या दुष्टापासून सोडव’ छापलेलं दिसलं. बरोबर कोणतं? शिवाय आमच्या नात्यातली काही माणसं ही ओळ करणी-चेटकापासून राखण व्हावी म्हणूनच मोठ्याने म्हणतात. या ‘वाइटा’त चेटूक येतं का? आणि बायबलमधलं चेटूक म्हणजेच आपली करणी का?

एका ओळीत तीन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर व्याकरणाचं असलं तरी बाकीच्या दोघांची किल्ली त्यातच आहे, म्हणून त्यावर जरा जास्त थांबतो.

येशूने शिकवलेली ही प्रार्थना बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येते आणि मूळ मजकूर ग्रीकमध्ये आहे. तिथले शब्द ‘आपो तू पोनेरू’. ‘आपो’ म्हणजे ‘-पासून’. पुढचा शब्द षष्ठीत आहे आणि सगळी अडचण तिथेच आहे. ‘हो पोनेरोस’ (तो दुष्ट, पुल्लिंगी) आणि ‘तो पोनेरोन’ (ते वाईट, नपुंसकलिंगी) या दोघांची षष्ठी एकच होते : ‘तू पोनेरू’. म्हणजे ग्रीक वाचणाऱ्यालाही नुसत्या रूपावरून सांगता येत नाही की इथे वाईट गोष्ट आहे की वाईट करणारा कोणी आहे. लॅटिनमध्ये ‘आ मालो’ झालं, तिथेही तीच गत. इंग्रजीत मात्र निवड करावी लागते. 1611 च्या भाषांतराने ‘वाइटापासून’ असा अर्थ घेतला, 1881 च्या सुधारित नव्या कराराने ‘त्या दुष्टापासून’ असा घेतला, आणि तेव्हा तिकडे मोठा वाद झाला. पिढ्यान्‌पिढ्या ओठांवर असलेली ओळ बदलली की माणसं अस्वस्थ होणारच. तुम्हालाही तसंच झालं असेल तर त्यात नवल नाही.

आता मराठीकडे या. मला या ओळीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की मराठीने इथे निवड करायची गरजच ठेवली नाही. ‘तो वाईट’ आणि ‘ते वाईट’ या दोघांचं सामान्यरूप एकच : वाइटा-. ‘वाइटाची संगत धरू नये’ म्हणतो तेव्हा माणूस मनात असतो. ‘वाइटातून काही चांगलं निघालं’ म्हणतो तेव्हा घटना मनात असते. रूप तेच. ग्रीकमध्ये जी दुहेरी शक्यता आहे ती जशीच्या तशी मराठीत उतरली, आणि त्यासाठी कुणाला शब्दांची ओढाताण करावी लागली नाही. भाषांतरात असं भाग्य क्वचित लाभतं.

‘दुष्ट’चं तसं नाही. व्याकरणाने तोही दोन्हीकडे चालतो, पण वापर पाहा : ‘दुष्टाची संगत’ आपण म्हणतो, ‘दुष्टातून चांगलं निघालं’ असं कोणी म्हणत नाही. मराठी कानाला दुष्ट म्हटलं की कोणीतरी समोर उभा राहतो, आणि मागे ‘त्या’ लावलं की तो आणखी ठळक होतो. म्हणजे ‘त्या दुष्टापासून’ हे चुकीचं नाही, पण ते दोन अर्थांपैकी एकच निवडतं.

तो अर्थ निवडणारे काही कच्चे लोक नव्हते. चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम (त्याची तर मातृभाषाच ग्रीक) या ओळीत सैतानच पाहतो. मार्टिन ल्यूथरनेही ग्रीक मजकुराचा रोख तिकडेच असल्याचं म्हटलं. 1992 ची कॅथलिक धर्मशिक्षिका (चर्चच्या अधिकृत शिकवणीचा ग्रंथ) सांगते की इथलं वाईट ही नुसती अमूर्त कल्पना नसून देवाला विरोध करणारा सैतान आहे. दुसऱ्या बाजूला, मिस्सामध्ये (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) या प्रार्थनेच्या पाठोपाठ धर्मगुरू जी जोड-प्रार्थना म्हणतात तिच्या लॅटिनमध्ये ‘आब ओम्निबुस मालिस’ असं अनेकवचन आहे. तिथे रोख ‘सर्व अरिष्टांपासून’ असा : रोग, भीती, युद्ध, पाप, सगळं. सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या धर्मसुधारकाने तर इथे वाद घालण्याचं कारणच नाही असं म्हटलं, कारण दोन्ही वाटांनी अर्थ जवळपास एकाच ठिकाणी पोचतो. मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. धर्मशास्त्रात ते खरं असेल, पण घराघरांत नाही.

घराघरांत काय होतं ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. ‘दुष्ट’ म्हटल्यावर ज्याच्या मनात सैतान येतो त्याची गोष्ट वेगळी. पण भीतीने घेरलेल्या माणसाच्या मनात सैतान येत नाही, शेजारीण येते. आजारी मूल, आटलेली गाय, मोडलेलं लग्न, आणि त्यामागे ‘कोणीतरी केलंय’ हा संशय. मग ‘त्या दुष्टापासून’ या शब्दांना एक चेहरा, एक नाव, एक उंबरठा मिळतो. प्रार्थनेने ते नाव दिलेलं नसतं. ते आपणच भरतो.

बायबलमध्ये त्या दुष्टाबद्दल स्पष्ट बोललेलं आहे, हेही सांगायला हवं. योहानाच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात ‘हो पोनेरोस’ असं निखळ पुल्लिंगी, प्रथमेतलं रूप येतं. तिथे शंकेला जागा नाही. इफिसकरांच्या पत्रात त्या दुष्टाचे जळते बाण विझवणारी विश्वासाची ढाल आहे. पण त्याच परिच्छेदात पौल आधी बजावतो की आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही. रक्तमांस म्हणजे माणूस. दुष्ट आहे, पण तो तुमच्या आळीत राहणारा कोणी नाही, असं त्या मांडणीचं मराठी करता येईल.

आता चेटूक. इथे एका मराठी शब्दाच्या पोटात मुळातले बरेच वेगवेगळे शब्द गेले आहेत. गलतीकरांच्या पत्रात देहाच्या कर्मांची यादी आहे, तिच्यात आपल्याकडे ‘चेटके’ असा शब्द येतो. ग्रीक शब्द ‘फार्माकेइआ’. औषधांच्या दुकानाला आपण फार्मसी म्हणतो ते याच मुळातून. त्या शब्दात औषध, विष आणि मंत्रवून दिलेला काढा असे तिन्ही अर्थ होते. म्हणजे तिथल्या चेटकाला मुळीपाल्याचा आणि विषाचा वास आहे. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायातली कुप्रसिद्ध आज्ञा, चेटकिणीला जिवंत ठेवू नये अशी, हिब्रूत स्त्रीलिंगी शब्दाने येते. पण तिचं जुनं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ‘फार्माकूस’ असं पुल्लिंगी अनेकवचन घातलं, आणि लॅटिनमध्ये ‘मालेफिकोस’ झालं, तेही पुल्लिंगी अनेकवचन. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात शकुन पाहणं, मंत्र घालणं, मेलेल्यांना बोलावून विचारणं अशा उद्योगांची लांब ओळ आहे, आणि मराठी भाषांतरकाराला तिथे प्रत्येकासाठी वेगळा शब्द शोधताना घाम फुटतो.

एनदोरच्या बाईचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. शौल राजा वेष पालटून तिच्याकडे जातो, ती गोष्ट पहिल्या शमुवेलाच्या 28 व्या अध्यायात आहे. हिब्रूत तिला ‘मेलेल्यांशी बोलवून देणारी’ अशा अर्थाचा शब्द आहे. इंग्रजी परंपरेने पुढे तिला सरळ चेटकीण करून टाकलं. प्रत्यक्षात त्या अध्यायात ती कोणाचं वाकडं करत नाही. उलट राजा भयाने कोसळतो तेव्हा घरचं पोसलेलं वासरू कापून, भाकरी भाजून त्याला जेवू घालते. शौलाने तिच्याकडे जाणं चूक होतं हे ग्रंथ सांगतोच. पण चेटूक या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जी लिंबू-टाचण्यावाली बाई उभी राहते, ती त्या पानावर नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर : बायबलमधलं चेटूक म्हणजे आपली करणी नव्हे. करणी हा शब्द ‘करणे’वरून आला आहे, आणि करणी नेहमी कोणीतरी कोणावर तरी ‘केलेली’ असते. मूठही कोणीतरी कोणावर मारतो. या शब्दांना कर्ता आणि बळी असे दोघे लागतातच. बायबलच्या यादीत मात्र मुख्य दोष आहे तो भविष्य, बळ आणि राखण देवाकडे न मागता दुसरीकडे मागण्याचा. तिथे दोष विचारायला जाणाऱ्याचाही आहे. ज्याला करणी झाली असं वाटतं तो उतारा करायला देवऋषाकडे गेला, तर त्या यादीने तोच अडकतो. आमच्या ख्रिस्ती वस्त्यांत ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. धर्मशिक्षिकेच्या 2117 व्या परिच्छेदात तर ताईत-गंडे बांधणंही निषिद्ध म्हटलं आहे. क्रूस गळ्यात घालून त्याला ताइताचं काम लावलं, तर ते यातून सुटतं असं मला वाटत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा 19 वा अध्याय या बाबतीत वाचण्यासारखा आहे. इफिस शहरात स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भूत काढायला जातात, आणि भूत लागलेला माणूस त्यांनाच झोडपतो. पुढे त्याच शहरातले नवे विश्वासणारे जादूच्या पोथ्या आणून चारचौघांत जाळतात. किंमत भरते 50,000 रुपये, म्हणजे तेवढी चांदीची नाणी. स्वतःच्या पोथ्या, स्वतःच्या हातांनी. त्यांनी माणूस कोणी जाळला नाही. पुढे युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकीण ठरवून हजारो माणसं, बहुतेक बायका, मारल्या गेल्या तेव्हा हा अध्याय त्यांच्या बायबलातही होताच. त्या काळात फ्रेडरिक श्पे नावाच्या जेझुइट धर्मगुरूने 1631 मध्ये लिहून ठेवलं की यातनांखाली घेतलेल्या कबुलीला काही अर्थ नाही. असाही ख्रिस्ती आवाज होता.

शब्दांचा अर्थ ठरवताना घाई का करू नये, याचं एक जवळचं उदाहरण देतो. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या हिंदूंना देवचार म्हणजे गावाचा राखणदार. वेशीवर फिरणारा, चुकलेल्याला वाट दाखवणारा, मान द्यावा असा. गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत तोच देवचार म्हणजे सैतान. एकाच गावात, एकाच शब्दाने, एक जण राखण मागतो आणि दुसरा त्याच्यापासून राखण मागतो. ‘सैतान’ची गंमत वेगळीच : हिब्रूतला ‘विरोधी’ अशा अर्थाचा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला, तोही मिशनरी इथे छापखाने घालण्याच्या कितीतरी आधी. आता तो मराठी कायद्याच्याही मजकुरात आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्या व्यक्तीला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणं गुन्हा आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना काय भोगावं लागलं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या कलमाचं मोल सांगायला नको.

परत ओळीकडे. तिच्यातला एक शब्द सगळ्यांच्या नजरेतून सुटतो : ‘आम्हांला’. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. देवाशी बोलताना ‘आम्हांला’ म्हटलं की ऐकणारा देव तेवढा बाहेर राहतो, बाकीचे बोलणारे सगळे आत येतात. जिच्यावर संशय आहे ती बाई त्याच बाकावर, त्याच रविवारी हीच ओळ म्हणत असेल तर तीही त्या ‘आम्हां’त आहे. तिच्यापासून सोडव असा अर्थ मग या वाक्यात बसूच शकत नाही. तिच्यासकट सोडव असाच होतो.

आणि ‘सोडव’. कोकणी प्रार्थनेत इथे ‘निवार’ आहे, म्हणजे येणारं दूर सार. मराठीचा ‘सोडव’ म्हणजे अडकलेल्याला मोकळं कर. गाठ सोडवतात, गहाण सोडवतात, भांडणात सापडलेल्याला सोडवतात. हा शब्द मानतो की वाइटाचा थोडा गुंता म्हणणाऱ्याच्याही पायात आहे. करणीच्या भीतीत हे मानायला जागा नसते. तिथे वाईट सगळं बाहेरून, दुसऱ्याच्या हातून येतं. तुमच्या नात्यातल्या माणसांनी ही ओळ भीतीच्या वेळी म्हणावी, जरूर म्हणावी. ती त्यासाठीच आहे. चेटकाची भीती हेही एक वाईटच, आणि त्यातून सुटका मागण्याचा हक्क ही ओळ देते.

तेव्हा माझा कौल ‘वाइटापासून’ला. ‘त्या दुष्टापासून’ म्हणणाऱ्याला मी टोकणार नाही, अभ्यासाच्या आवृत्तीत तळटीप म्हणून तो अर्थ असावाच. पण सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायच्या ओळीत दोन्ही अर्थ सांभाळणारा शब्द हाताशी असताना तो सोडू नये.

लेखनाबद्दलही विचारणा होईल म्हणून सांगतो. वाईट दीर्घ, पण सामान्यरूपात उपान्त्य ई ऱ्हस्व होते : गरीब-गरिबाला, तसं वाईट-वाइटापासून. ‘वाईटापासून’ असं बऱ्याच पुस्तिकांत छापतात, ते नियमाला धरून नाही. चेटूकचं सामान्यरूप लाकूड-लाकडाचा या चालीने चेटकाचा, चेटकापासून; ‘चेटूकापासून’ नव्हे. आणि ‘दुष्ट’ छापताना द-ला उकार आहे ना हे पाहावं. एका पत्रकात मी ‘दृष्टापासून सोडव’ वाचलं आहे, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून काढतात ती दृष्ट प्रभूच्या प्रार्थनेत नाही.